उघडा कान, बंद कान

आमच्या होस्टेलला रात्री बारानंतर सुरू होणारे आणि कधीच न संपणारे तीन वाद आहेत. एक मेसच्या वरणाचा, दुसरा व्हायवाला कोणी कुणाला किती मार्क दिले याचा आणि तिसरा हेडफोनचा. पहिल्या दोन वादांत मी नुसता श्रोता असतो. तिसऱ्यात मात्र यंदा उतरावंच लागलं. कारण इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधले पाच हजार रुपये हातात होते आणि सुट्टीत घरी, म्हणजे परतवाड्याला, निवांत गाणं ऐकण्यासाठी एक बरी वस्तू घ्यायची होती.

प्रश्न दिसायला साधा. कानाच्या भोकात जाऊन बसणारे 'इन-ईअर मॉनिटर' घ्यायचे, की कानावर बसणारा, पाठीला जाळी असलेला 'ओपन-बॅक' हेडफोन? माझा रूम पार्टनर पहिल्या पंथाचा. वरच्या मजल्यावरचा एक सिनिअर दुसऱ्या पंथाचा. हे दोघं एकमेकांचा हेडफोन कानाला लावत नाहीत, जणू धर्म बाटेल! पण माणसं मनाने दिलदार. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पुन्हा दिवाळीत दोघांनीही आपापली वस्तू मला घरी नेऊ दिली. अट एकच, वायर सहीसलामत परत आली पाहिजे.

आधी थोडी थेअरी. (पेपरात येत नाही, म्हणून तर लक्षात राहते.)

हेडफोनमधला पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा आवाज दोन्ही बाजूंना निघतो, कानाकडे आणि मागेही. बंद हेडफोनमध्ये मागचा आवाज डबीत कोंडतात. ओपन-बॅकमध्ये तो जाळीतून बाहेर जाऊ देतात. त्यामुळे डबीत आवाज घुमत नाही, कान कोंडल्यासारखा वाटत नाही आणि गाणं डोक्याच्या थोडं बाहेर, मोकळ्या जागेत चाललंय असं वाटतं. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ साली 'एचडी ४१४' काढला तो या जातीचा पहिला. पिवळ्या फोमच्या गाद्या होत्या त्याला. फोटो बघाल तर आजही खेळण्यासारखा वाटतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. पुढचा आणि मागचा आवाज खालच्या पट्टीत एकमेकांना खातात, म्हणून अगदी खालचा खर्ज थोडा उतरतो. आणि जाळीतून आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचाही आत येतो. दार उघडं ठेवलं की पाहुणाही येतो अन् कुत्रंही!

इन-ईअर मॉनिटरचा जन्म निराळ्या गरजेतून झाला. स्टेजवर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी स्पीकर ठेवत. मग ढोल, गिटार, पब्लिक या सगळ्यांवर मात करायला तो स्पीकर मोठा करायचा, तो मोठा झाला की बाकीचे मोठे करायचे. कान जायचे ते जायचेच. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या बँडचा साउंड इंजिनिअर जेरी हार्वी याने त्यांचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी कानाच्या साच्यात बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातून 'अल्टिमेट ईअर्स' ही कंपनी उभी राहिली. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, 'एटिमोटिक रिसर्च' या अमेरिकन कंपनीचा 'ईआर-४' आला होता. या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी आत जो इवलासा ड्रायव्हर वापरला, 'बॅलन्स्ड आर्मेचर', तो मूळचा श्रवणयंत्रातला. म्हणजे आज पोट्टे ज्या आयईएमवर गाणी ऐकतात तो म्हाताऱ्यांच्या कानातल्या मशीनचा सख्खा चुलतभाऊ आहे. ही गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवली.

आता परतवाडा. ज्यांनी आमचं गाव चिखलदऱ्याला जाताना फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याचं, अचलपूरला चिकटून असलेलं, ब्रिटिशांच्या छावणीतून वाढलेलं हे गाव. मेळघाटचा सागवान इथेच उतरतो, म्हणून आरामशिनी आहेत. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतलेची शिट्टी पूर्वी ऐकू यायची, ती आता नाही. बाकी गाव शांत. निदान होळीपर्यंत.

होळी झाली की वऱ्हाडात कूलर उतरतो. माळ्यावरून खाली येतो, जुनं गवत काढून नव्या ताट्या लागतात, टिल्लू पंप साफ होतो आणि मग जूनचा पाऊस पडेपर्यंत घरात दुसरा कोणताही आवाज चालत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा कूलर बंद करणं म्हणजे घरच्यांशी वैर. हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना कळत नाही. हेडफोनबद्दल जगभर जे सल्ले देतात ते 'शांत खोलीत घरी ऐकणार असाल तर ओपन-बॅक घ्या' असे असतात. शांत खोली! मे महिन्यात! परतवाड्यात!

मेकॅनिकलच्या एका मित्राकडून प्रोजेक्टच्या नावाखाली साउंड लेव्हल मीटर आणलं होतं. माझ्या खाटेवर, उशीपाशी, कूलर फुल असताना काटा चौसष्टच्या आसपास. स्लोवर ठेवला तर सत्तावन्न. लाईट गेली की सदतीस! आपल्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री बाहेरचा आवाज पंचेचाळीसच्या आत हवा. आमच्या घरात तो आतच चौसष्ट, आणि तक्रार करायची तर कुणाविरुद्ध, आईविरुद्ध?

या चौसष्टमध्ये ओपन-बॅक लावला तर काय होतं? तानपुरा गायब. बडा ख्यालाची सुरुवात गायब. तबल्याच्या चाटीवरचा कडक बोल तेवढा येतो, डग्ग्याची घुमार कूलरच्या घुमारीत विरघळून जाते. मग माणूस काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. मीही वाढवून बघितला आणि मीटरचा माईक हेडफोनच्या गादीत दाबून मोजला. (मोजण्याची ही पद्धत शास्त्रीय नाही हे मला माहीत आहे, सरांनी कृपया प्रश्न विचारू नयेत. पण तुलना करायला चालते.) गाणं कूलरच्या वर नीट निघायला ऐंशीच्या पुढे जावं लागलं. तेच गाणं त्याच खोलीत आयईएमवर ऐकलं तर सत्तरच्या खाली भागलं. कारण रबराची टोपी कानात नीट बसली की बाहेरचा वीस-पंचवीस डेसिबल आवाज दारातच अडतो. कूलर चाळिशीवर येतो आणि तानपुऱ्याची जवारी, तो रेशमी दोऱ्यामुळे येणारा झणकार, स्पष्ट ऐकू येतो.

आता गंमत बघा. आमच्या घरात आणि शेजारीपाजारी सगळ्यांचं ठाम मत असं की कानात खुपसायचं ते वाईट आणि कानावर ठेवायचं ते बरं. आजी तर आयईएमला 'बोंडं' म्हणते. "कानात बोंडं घालून बसू नको रे, भईरा होशीन!" पण आकडे उलटं सांगतात. गोंगाटाच्या खोलीत बंद कानवाला हळू ऐकतो आणि उघड्या कानवाला जोरात. फक्त टोपी नीट बसली पाहिजे. माझा डावा कान उजव्यापेक्षा अरुंद आहे, त्याला लहान टोपी आणि उजव्याला मधली. जरा फट राहिली की खर्ज पळालाच म्हणून समजा, आणि लोक लगेच म्हणतात, 'हा आयईएम पातळ वाजतो.'

मग निकाल लागला का? नाही. कारण आजी.

आजीची खाट पुढच्या खोलीत. पडल्यापासून तिला एकटीने उठवत नाही आणि सुट्टीत रात्रीची ड्युटी माझी. पाणी, गोळी, बाथरूम. आईने सरळ चाचणीच घेतली. मला आयईएम लावून बसवलं, गाणं सुरू आणि आजीला म्हणाली, "आता मारा हाक." आजीने हाक मारली म्हणे. दोनदा. तिसऱ्यांदा खास ठेवणीतली, ज्या हाकेला गल्लीतल्या तीन घरांतून ओ येते. मी आपला डोळे मिटून समेची वाट पाहत होतो! आईने खांदा हलवला आणि एवढंच म्हणाली, "हे रात्रीचं चालणार नाही." ओपन-बॅकला मात्र आजीची पहिलीच हाक ऐकू आली.

पार्टनरने फोनवर तोड सुचवली. "एक कान उघडा ठेव ना." जुनी मोनो रेकॉर्डिंग ऐकणार असू तर हे चालून जातं, कारण दोन्ही कानांत तेच असतं, काही हरवत नाही. पण एका कानाने ऐकलं की गाणं मुळात बारीक वाटतं, दोन कान मिळून आवाज मोठा करतात म्हणून. मग पुन्हा हात व्हॉल्यूमकडे. फिरून फिरून भोपळे चौक!

इथपर्यंतचा हिशोब मी होस्टेलच्या वादासारखाच करत होतो. त्याला वेगळं वळण बाबांनी दिलं.

बाबा सव्वीस वर्षं एका आरामशिनीवर होते. सागवानाचा ओंडका पात्याला लागतो तेव्हाचा आवाज ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी नव्वद-शंभर डेसिबल ही रोजची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयटीयूसोबत हेडफोन-मोबाईलवर ऐकणाऱ्यांसाठी एक माप जाहीर केलं. आठवड्याला ऐंशी डेसिबल, चाळीस तास. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा. गणित पुढे चालवलं तर शंभर डेसिबलला आठवड्याला जेमतेम चोवीस मिनिटं उरतात. माप गाणं ऐकणाऱ्यांसाठी आहे हे खरं, पण आवाज गाण्याचा आहे की पात्याचा, हे कानाला कुठे कळतं? बाबांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा होता. कानाला संरक्षण म्हणून काय, तर कापसाचा बोळा. कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा! पण साधा कापूस आवाज फारसा अडवत नाही.

गेल्या वर्षी त्यांना अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. (आमच्या शाखेला ईएनटीसी म्हणतात. त्यातला 'सी' काढला की कान-नाक-घसा! आमच्या इंजिनिअरिंगचा घरी झालेला पहिला उपयोग.) डॉक्टरांनी ऑडिओग्राम हातात दिला. खालच्या पट्टीत रेघ बरी चालली आहे, दोन हजार हर्ट्झपर्यंत ठीक आणि चार हजारला विहिरीत पडावी तशी खाली. आठ हजारला पुन्हा थोडी वर. आम्ही सिग्नल्सच्या पेपरात नॉच फिल्टरचा रिस्पॉन्स काढतो ना, अगदी तसा. मशिनींच्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. दोन्ही कानांना तेच.

त्या ग्राफने घरातल्या कितीतरी गोष्टी उलगडल्या. बाबांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, च, फ या अक्षरांचा जीव वरच्या पट्टीत असतो, तोच नेमका खड्ड्यात. आई 'साखर' म्हणाली तर बाबा 'भाकर' आणून देतात, आणि आई म्हणते लक्ष नसतं. लक्ष असतं. 'स' नसतो.

बाबांना खंजिरी भजनाचा लहानपणापासून नाद. तुकडोजी महाराज बाबांच्या जन्माआधीच, १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी आमच्या जिल्ह्यातून कुठे जाणार? गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं, आणि बाबा पोरवयात अशा मंडळात मागे बसून ताल धरायचे. हल्ली मोबाईलवर भजन लावतात आणि दर वेळी तोच शेरा. "आजकालचे लोक खंजिरी बराबर नाई वाजवत. नुसती थाप मारतेत."

दिवाळीत एका रात्री मी दोन्ही वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या. कूलर माळ्यावर गेलेला, थंडी पडायला लागलेली, बाहेर एखादा उशिराचा फटाका सोडला तर गाव चिडीचूप. आधी आयईएम. दोन मिनिटांत त्यांनी काढून ठेवला. "हे तं डोक्यात वाजून राह्यलं. कोणी आलं-गेलं समजन कसं?" ज्या माणसाला तसंही अर्धंच ऐकू येतं, त्याला उरलेलं अर्धं बंद करायची भीती वाटणार नाही का? मग ओपन-बॅक डोक्यावर चढवला. तो त्यांना मानवला. एक हात कपावर ठेवून त्यांनी लगेच खूण केली, वाढव. मी वाढवला. पुन्हा वाढव. पुन्हा. एव्हाना जाळीतून भजन मला समोर बसून ऐकू येत होतं आणि पुढच्या खोलीतून आजी विचारत होती, "भजन कोनाकडं हाय वं?"

मी व्हॉल्यूम खाली आणला. ते चिडले. सव्वीस वर्षं शंभर डेसिबल सोसलेल्या माणसाला पोरगा सांगतो आहे, हळू ऐका! पण उरलेला कान त्यांच्यासाठी माझ्यापेक्षा जास्त मोलाचा आहे आणि खड्डा भरायचा म्हणून सगळा डोंगर उचलायची गरज नसते. प्लेअरचा इक्वलायझर उघडला, बाकी सगळं होतं तिथेच ठेवून तीन ते सहा हजार हर्ट्झचा पट्टा सहा डेसिबल वर केला आणि भजन पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

बाबा काही बोलले नाहीत. कडवं संपलं, धृपद आलं, गती वाढली. त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती ती मध्येच थांबली.

"हे छन्न छन्न पयले नव्हतं."

"होतं बाबा. खंजिरीच्या चकत्या आहेत त्या."

"मले नाई येत होत्या आयकू?"

"नाही."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वाजवनारे बराबरच होते." आणि भजन पुन्हा लावायला सांगितलं.

सहा डेसिबलने कान दुरुस्त होत नाही. ऑडिओग्राम बघून नेमक्या पट्टीला नेमकी ताकद देणं हे श्रवणयंत्राचं काम आणि ते ऑडिओलॉजिस्टनेच बसवायचं असतं. डॉक्टरांनी ते सांगितलं आहेच, पण बाबांचं म्हणणं, मशीन लावलं की लोक म्हातारा म्हणतात. त्या रात्री मी त्यांना आयईएम उघडून दाखवला आणि सांगितलं, आतला हा इवला ड्रायव्हर तुमच्या मशीनमधूनच आला आहे, कॉलेजची पोरं हजारो रुपये मोजून तोच कानात घालून फिरतात. ते हसले. 'बघू' म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही असा अर्थ असतो, पण या वेळचा 'बघू' मला जरा वेगळा वाटला. जानेवारीत तारीख घेतली आहे.

तर मित्रांनो, पाच हजारांचं काय केलं? ओपन-बॅक घेतला. बत्तीस ओहमचा, फोनवर सहज चालणारा. वरच्या मजल्यावरचे सिनिअर ज्याचे गोडवे गातात तो सेनहायझरचा 'एचडी ६००' तीनशे ओहमचा. त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर तो खुलतो आणि त्याची किंमत ऐकून माझाच इम्पिडन्स वाढतो. रूम पार्टनर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग त्याने स्वतःचा जुना आयईएम मला कायमचा देऊन टाकला, मे महिन्यासाठी. तो मी ड्युटी नसलेल्या दुपारी वापरणार, आजी झोपलेली आणि आई जागी असताना.

ओपन-बॅकची खरी मजा मात्र एका वेळी येते आणि त्याचं श्रेय वीज मंडळाला जातं. उन्हाळ्यात रात्री लाईट जाते. कूलर घरघरत थांबतो, शेजाऱ्यांचे थांबतात, गल्लीतले एकामागून एक थांबतात. आई पदराने वारा घेते, लोक खाटा घेऊन अंगणात येतात, कुणीतरी मंडळाला शिव्या घालतो. मीटर सदतीसवर. फोनला बॅटरी आहे. त्या वीस-पंचवीस मिनिटांत संथ आलाप जसा ऐकू येतो तसा कुठल्याही शोरूममध्ये येणार नाही, आणि आजीची हाकही.

आता एकच तांत्रिक अडचण उरली आहे. हेडफोन नावाला माझा, ताबा बाबांचा. बाबा रोज डोक्याला खोबरेल तेल लावतात. दिवाळीपासून आजपर्यंत दोन्ही गाद्या तेलाने कडक झाल्या आहेत आणि घरात गाणं लागलं की नारळी पौर्णिमेसारखा वास येतो. मखमली कापडाच्या गाद्या स्पंज न बिघडवता धुण्याचा उपाय कुणाला माहीत असेल, तर कृपया ईएनटीसीच्या अंतिम वर्षात येऊन भेटावे.